बंदीपुरतं थांबून चालणार नाही

मासेमारी काही वर्षं बंद ठेवली की उत्तर युरोपातला बाल्टिक समुद्र पुन्हा माशांनी भरून येईल, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. पूर्व बाल्टिकमधल्या कॉड या माशाच्या थेट मासेमारीवर 2019 मध्ये युरोपीय संघाने बंदी आणली, तरीही तिथला कॉडचा साठा सावरलेला नाही.

कारण पाण्यातच आहे. कॉडची अंडी तरंगायला पुरेसं खारं पाणी लागतं आणि ते बाल्टिकमध्ये खोलवरच मिळतं. तिथेच प्राणवायू संपत चाललाय. शेतांतून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, मरून तळाशी कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू खातं. प्राणवायू संपला की गाळात अडकलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे आज खतं कमी केली तरी जुनी उधारी फिटायला दशकं लागतील! त्यात पाणी तापतंय आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. म्हणून खतांची मर्यादा जुन्या हवामानाच्या हिशेबाने ठरवणं मला धोक्याचं वाटतं, ती आणखी कडक हवी.

बाल्टिकच्या किनाऱ्यावर नऊ देश. हा समुद्र वाचवण्यासाठीचा 1974 चा हेलसिंकी करार शीतयुद्धातही झाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्या कराराखालच्या 2007 च्या कृती आराखड्याचं 2021 पर्यंत समुद्र निरोगी करण्याचं उद्दिष्ट हुकलं, हेही खरं. आणि 2022 पासून या कराराच्या रशियाबरोबरच्या औपचारिक बैठका थांबल्यात. सेंट पीटर्सबर्गचं सांडपाणी मात्र याच समुद्रात येतं. निदान समुद्राच्या पाण्याच्या मोजमापांची देवाणघेवाण तरी राजकारणाबाहेर ठेवायला हवी.