तो फोटो खराच आहे

ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो, मग एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांचा फोटो म्हणजे चित्रकाराची कल्पनाच ना, ही शंका रास्त आहे, पण तो फोटो खराच आहे. आम्हा सोलापूरकरांना तवा लगेच कळतो. भाकरी झाल्यावर चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. हे ग्रह तसेच. वय जेमतेम ३-४ कोटी वर्षं, वजन गुरूच्या कित्येक पट, आणि जन्माची ऊब अजून निवलेली नाही. ती ऊब अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात टिपतात. दृश्य प्रकाशात सूर्यापुढे आपला गुरू अब्जभर पटींनी मंद. इथे फरक दहा हजार ते लाखभर पटींवर येतो. ताऱ्याची तिरीप झाकली, की ठिपके उरतात. २००८ मध्ये तीन जाहीर झाले, २०१० मध्ये चौथा. नंतरच्या वर्षांच्या फोटोंत ते कक्षेत सरकलेले दिसतात, आणि मला तर हाच सगळ्यात पक्का पुरावा वाटतो.

हा तारा पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध आहे. हुरड्याच्या दिवसांत गावाबाहेरच्या रानात अंधार पडल्या पडल्या पश्चिमेकडे दुर्बीण लावा, तारा नक्की सापडेल.