लॅबमधल्या सगळ्या मशीनची वेळ वेगवेगळी, एनटीपीचा रीच ० च्या पुढे जातच नाही

लॅबवाला_सांगली
नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. २१ वर्कस्टेशन, सगळ्यांवर डेबियन ११, होम डिरेक्टरी एनएफएसवर (म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरच्या डिस्कवर) आणि वेळही त्याच सर्व्हरकडून, एनटीपीडीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीचा प्रोग्रॅम). शुक्रवारी लाइट गेली, यूपीएस संपला, सगळं बंद पडलं आणि सोमवारी चालू केल्यापासून १४ मशीन तीन मिनिटं मागे आणि ७ मशीन साडेपाच तास पुढे. मागे असलेल्यांवर मेक (फाइलची वेळ बघून बदललेलं तेवढंच परत कंपाइल करणारी कमांड) मारलं की 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' येतं, आणि पुढे असलेल्यांवर तर त्याहून वाईट, तिथे बिल्ड लोकल डिस्कवर होतो म्हणून ऑब्जेक्ट फाइल साडेपाच तास पुढची, सोर्स एनएफएसवर आत्ताचा, मग पोरांनी कोड बदलला तरी मेक म्हणतं सगळं अप टू डेट आहे. एक मुलगी काल तासभर स्वतःचीच चूक शोधत बसली होती, चूक नव्हतीच.

एनटीपीक्यू -पी मध्ये (एनटीपीची स्थिती दाखवणारी कमांड) सर्व्हरच्या पुढे स्ट्रॅटम १६ (म्हणजे वेळ जुळलेली नाही), रीच ० (म्हणजे शेवटच्या आठ प्रयत्नांत एकही चालण्यासारखं उत्तर नाही). पिंग जातं. एनटीपीडेट -क्यू म्हणतं सिंकसाठी योग्य सर्व्हर सापडला नाही. क्लायंटचं फायरवॉल पूर्ण बंद करून बघितलं, काही फरक नाही. गुरुवारी सबमिशन आहे, प्लीज सांगा.

विदर्भ_शेल
त्या ७ मशीनचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) झाला असेल भाऊ, एशिया/कोलकाता सेट करून बघा.

क्रॉनताई
टाइमझोन नाही हो. झोन यूटीसी झाला असता तर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं असतं, इथे पुढे आहे. डेट -यू मारा (ते यूटीसी वेळ दाखवतं), तेच चुकीचं येईल. पण ७ मशीनचं नंतर बघू, आधी सर्व्हर.

दादा, तुम्ही सगळं क्लायंटवर शोधताय. सर्व्हरवर जाऊन एनटीपीक्यू -पी मारलंत का? एकाही ओळीच्या सुरुवातीला चांदणी (*, म्हणजे वेळेसाठी निवडलेला सर्व्हर) नसेल तर सर्व्हरलाच वेळ माहीत नाही, आणि ज्याला स्वतःला माहीत नाही त्याचं क्लायंट ऐकत नाही, ते बरोबरच वागतायत. पिंगवर जाऊ नका, पिंग जातं आयसीएमपीने, एनटीपी यूडीपीच्या पोर्ट १२३ वरून, दोन्हींची वाट वेगळी. क्लायंटवर टीसीपीडंप -व्ही (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा पोर्ट १२३ वर. उत्तर येत असेल आणि त्यात 'क्लॉक अनसिंक्रोनाइज्ड' दिसत असेल तर तुमच्या दोघांमधली वाट मोकळी आहे, अडलंय ते वरती.

लॅबवाला_सांगली
ताई, अगदी तेच निघालं! टीसीपीडंपमध्ये उत्तर येतंय आणि 'अनसिंक्रोनाइज्ड' लिहिलंय. सर्व्हरवर पूलच्या (इंटरनेटवरच्या सार्वजनिक वेळ-सर्व्हरच्या) चारही ओळी रीच ०. चौकशी केली तर दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं मेन फायरवॉल बदललं आणि बाहेर जाणारं १२३ बंद झालं, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. नेटवर्कवाल्यांनी सर्व्हरपुरतं उघडून दिलं, थोड्या वेळात चांदणी आली.

पण आता नवीनच. १४ मशीन सर्व्हरला लागली, रीच ३७७ (आठही प्रयत्न यशस्वी), तरी तासाभरात जेमतेम दोन सेकंद भरून आले. आणि त्या ७ वर एनटीपीडी चालू होऊन थोड्या वेळाने आपोआप मरतो.

क्रॉनताई
/ईटीसी/डिफॉल्ट/एनटीपी मधली एनटीपीडी_ऑप्ट्स ची ओळख टाका इथे... म्हणजे ओळ, मोबाईलवरून लिहितेय.

लॅबवाला_सांगली
फक्त -एक्स आहे. माझ्या आधीच्यांनी टाकलेलं असणार.

क्रॉनताई
दोन्ही दुखणी त्याच एका ओळीत आहेत. डेबियन देतं -जी, तुमच्याकडे ते काढून -एक्स टाकलंय. -एक्स असलं की ६०० सेकंदांपर्यंतचा फरक उडी न मारता सरकत सरकत भरायचा, आणि सरकायचा वेग जास्तीत जास्त ५०० पीपीएम, म्हणजे सेकंदाला अर्धा मिलिसेकंद. १८० सेकंद भरायला ३,६०,००० सेकंद लागतील, चार दिवसांहून जास्त. तुमची गुरुवारची सबमिशन होऊन जाईल. डेटाबेस सर्व्हरवर -एक्स ला अर्थ आहे, पोरांच्या लॅबमध्ये नाही.

आणि साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. १,००० सेकंदांच्या वर फरक दिसला की एनटीपीडी घाबरून बंद होतो, -जी दिलं तर एकदा तेवढी उडी माफ. त्या ७ मशीनवर विंडोज पण आहे का?

लॅबवाला_सांगली
आहे! मागच्या आठवड्यात कॅडच्या प्रॅक्टिकलला त्याच ७ वर विंडोज चालवलं होतं.

क्रॉनताई
झालं मग. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ लिहून ठेवतं, लिनक्स तीच यूटीसी समजून वर साडेपाच तास चढवतं. -एक्स काढून -जी टाका, एनटीपीडी रीस्टार्ट, वेळ बरोबर आली की एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी (ती वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लिहायला). आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल १ करा, नाहीतर पुढच्या कॅडला परत हेच.

नाशिक_नेट
ताईंनी सगळं सांगितलंच आहे, एक भर. पूलसोबत एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा) टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आणि एनआयसीचे (सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरचे) समय१, समय२ पण टाका, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या आदेशात एनआयसी, एनपीएल नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी सिंक सांगितलंय. आणि सर्व्हरच्या कॉन्फमध्ये 'टॉस ऑर्फन ५' लिहा, म्हणजे बाहेरचं परत तुटलं तरी सर्व्हर स्वतःची वेळ वाटत राहील आणि लॅब निदान आपसात तरी एका वेळेवर चालेल, मेकला तेवढं पुरतं.

लॅबवाला_सांगली
२१ च्या २१ मशीनवर चांदणी आली, ऑफसेट (सर्व्हरशी फरक) एक-दोन मिलिसेकंद. त्या ७ वरच्या पुढच्या तारखेच्या ऑब्जेक्ट फाइल उरल्या होत्या, प्रत्येक मशीनवर मेक क्लीन (जुन्या ऑब्जेक्ट फाइल पुसायला) मारून घेतलं. कालच्या त्या मुलीला बोलावून तिच्यासमोर बिल्ड करून दाखवला, पहिल्याच फटक्यात चालला. ताई, सगळ्यांचेच मनापासून आभार.