मदत हवी आहे: खिडकी-चित्रातली खिडकी जुळत नाही
मंडळी, नोकरी सांभाळून हौसेखातर व्यंगचित्रं काढतो. यंदा सोसायटीसाठी घरगुती दिवाळी अंक काढायचं खूळ डोक्यात आहे, आणि त्यात 'आवाज'सारखी खिडकी हवीच. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या त्या अंकाची गंमत ठाऊक असेलच: पानाला पाडलेल्या चौकोनातून भलतंच दिसतं, पान उलटलं की साधंसुधं निघतं. (आमच्याकडे भलतेपणा बेतानेच, अध्यक्ष कडक आहेत.)

माझ्या चित्रात काका शेजारणीच्या मागे उभे, चौकोनातून त्यांच्या मुठीत वेणी दिसते. पान उलटलं की म्हशीची शेपटी!

घोडं अडतंय ते जुळवणीत. बाहेरची मनगटाची रेघ आतल्या मुठीला मिळतच नाही, दोनेक मिलिमीटर सरकते. काचेवर उजेडात ट्रेस केलं, तरी पान दुमडल्यावर फरक पडतोच. शिवाय शाई कागदाच्या पाठीवर उमटते.

आधी दुमडून, चौकोन कापून मग रेखाटावं का? कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाडजूड) घ्यावा? आणि ५० प्रती झेरॉक्स केल्या तर पाठपोट चित्रं जुळतील, की प्रत्येक खिडकी वेगळी कापत बसावं लागेल? असले उद्योग केलेल्यांनी जरूर सांगा.