पीसी चालू व्हायला १५ मिनिटं, एसएसडी टाकू का नवी हार्ड डिस्क? लवकर सांगा

सेंटरवाला_दारव्हा: गावात ऑनलाइन सेंटर आहे. पीक विम्याचे लोक सकाळी सहालेच येऊन बसतात अन् विंडोज यायले १५ मिनिटं. दुकानदार म्हणते एसएसडी (तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) टाका, भाऊ म्हणते हार्ड डिस्कच टिकते. उद्या यवतमाळले जातो आहे, काय घेऊ?

खामगावकर: डेस्कटॉप का लॅपटॉप? रॅम किती? किती जुना?

वर्धेचा_मेकॅनिक: डोळे मिटून एसएसडी. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेते. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली लागतात, त्या शोधायला वाचणारं हेड इकडून तिकडं पळते, वेळ तिथंच जाते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही.

अकोला_४५: अन् एसएसडी गेली का न सांगता जाते. माझी रात्री चांगली होती, सकाळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येते त्या सेटिंगमध्ये) नावच नाही. पोरीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. हार्ड डिस्क आधी कुरकुर तरी करते.

वर्धेचा_मेकॅनिक: दादा, बॅकअप नव्हता तर हार्ड डिस्कनंही तेच केलं असतं.

अकोला_४५: अन् लाइट गेल्यावर? स्वस्त एसएसडीत अर्धवट लिहिलेलं पुरं करायचे कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारे भाग) नसतात. आमच्याकडं लाइट दिवसातून दहादा जाते.

गोंदिया_गेमर: सोबत ग्राफिक कार्डही टाकून घ्या, मग बघा मजा.

चिखलीची_ताई: लाइटचं म्हणाल तर आम्ही सोलर बसवला, आता सेंटर दिवसभर चालते.

सेंटरवाला_दारव्हा: गेम नाही खेळत भाऊ. डेस्कटॉप आहे, २०१५ चा, रॅम ४ जीबी. आठ दिवसांपासून डब्यातून टक-टक आवाज येते, धूळ असन म्हणून सांगितलं नाही.

खामगावकर: अरे बाप्पा, हेच तर पहिले सांगायचं! हार्ड डिस्क चालली ती. घडीघडी चालू-बंद करू नका. दुसऱ्या पीसीला जोडा अन् कामाचं फोल्डर आधी काढा. क्लोन (अख्ख्या डिस्कची नक्कल) करत बसू नका, पूर्ण डिस्क वाचेपर्यंत ती टिकंलच असं नाही.

वर्धेचा_मेकॅनिक: २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला लागते ती) घ्या, एवढ्या जुन्या बोर्डावर एनव्हीएमईवरून (नव्या, जास्त वेगाच्या एसएसडीवरून) विंडोज बहुतेक चालू होणार नाही. बॅकअपला वेगळी हार्ड डिस्कच ठेवा. लिहून लिहून झिजलेली एसएसडी बराच काळ बिनविजेची गरमीत पडली तर आतला डेटा उडू शकते.

चिखलीची_ताई: जुनी भंगारात देऊ नका, लोकांचे आधार आहेत त्यात.

सेंटरवाला_दारव्हा: भाच्याच्या पीसीला जोडली. आधारचं फोल्डर निघालं. विम्याच्या पावत्यांचं निघूनच नाही राहिलं, कॉपी ४० टक्क्यांवर अडकते. यवतमाळात डेटा काढून देणारं कोणी आहे का?