भेटीचा घोडा आणि धर्माची गाय

वेलांटी :
एका कथेच्या अनुवादात एका वाक्यापाशी अडले आहे. काकांनी भेट दिलेल्या जुन्या सायकलची साखळी पुतणी तपासू लागते, तेव्हा तिची आजी म्हणते, की भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये. मी तेथे 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण योजली. परंतु संपादकांना ती या प्रसंगी अपमानकारक वाटते. दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

अनुस्वार :
दोन्ही म्हणींमागचा व्यवहार एकच आहे. वयाबरोबर घोड्याचे पुढचे दात झिजतात आणि तिरके होत जातात, म्हणून घेणारा आधी तोंड उघडून पाहतो. गुरांचे वयही आपण आदत, दुसा, चौसा असे दातांवरूनच सांगतो. घोड्याची म्हण मूळची इंग्रजीही नाही. इसवी सन ४०० च्या सुमारास संत जेरोम यांनी ती लॅटिनमध्ये वापरली आणि तेव्हाही ती लोकांच्या तोंडी असल्याचे नोंदवले. तरीही मला संपादकांचे पटते. 'धर्माची' म्हणजे दानात आलेली, त्यामुळे आपली म्हण घेणाऱ्याला याचक ठरवून टोमणा मारते, तर घोड्याची म्हण केवळ समज देते. काका-पुतणीच्या नात्यात हा टोमणा बोचेल. 'दिल्या भेटीत खोट काढू नये' एवढे पुरे.

रफार :
मग त्या वाक्यातला जिवंतपणाच गेला! गाय राहू द्यावी. शिवाय गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात मुळात नसतातच, तेथे हिरडीची कठीण गादी असते. जे असूच शकत नाही तेच हा घेणारा शोधतो आहे, अशी या म्हणीची खरी खोच आहे, असे माझे फार जुने मत आहे.

अनुस्वार :
कल्पना सुंदर आहे, पण ज्यांनी ही म्हण घडवली त्यांना गाईचे तोंड आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. येथे म्हातारी, दात पडलेली गायच अभिप्रेत आहे.

काना :
घोडा तसाच मराठीत आणायला काय हरकत आहे? सिंहाचा वाटा, पांढरा हत्ती, नक्राश्रू हे सारे अनुवादातूनच आले आणि आज कोणालाही परके वाटत नाहीत.

रफार :
वाटत नाहीत, कारण आपण ते पारखून घेतले नाहीत. इसापाच्या कथेतला सिंह सगळीच शिकार घेतो, आणि आपण 'सिंहाचा वाटा' मोठ्या हिश्श्याला म्हणतो.

काना :
इंग्रजीतही आज तोच अर्थ रूढ आहे, तेव्हा हा दोष मराठीच्या माथी मारणे योग्य नव्हे.

अनुस्वार :
पांढऱ्या हत्तीचे उदाहरण अधिक बोलके आहे. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा नावडत्या सरदाराला असा हत्ती देऊन कंगाल करी, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात तेथे तो राजवैभवाचे लक्षण होता आणि १९१७ साली तिरंगी ध्वज येण्यापूर्वी सयामच्या ध्वजावरही तो होता. तरीही पोसणे न परवडणाऱ्या प्रकल्पाला मराठीत याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

रफार :
तो मीही वापरतो. माझा खरा राग 'काळा घोडा' या शब्दावर आहे. 'डार्क हॉर्स' या मूळ इंग्रजी शब्दात अंधार आहे तो माहितीचा. शर्यतीत ज्याच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नाही, असा तो घोडा. मराठी वाचकाला मात्र केवळ रंग दिसतो. आपल्याकडे 'छुपा रुस्तम' असताना ही उसनवारी कशाला?

वेलांटी :
माझी आजी अजून वाक्यासाठी खोळंबली आहे.

काना :
आजीसाठी अनुस्वार यांचे वाक्य घ्यावे. रफार, 'छुपा रुस्तम' आपले कसब स्वतः झाकून ठेवतो. १८४४ साली अमेरिकेत जेम्स पोक यांना डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मतदानाच्या नवव्या फेरीत मिळाली, म्हणून त्यांना 'डार्क हॉर्स' म्हटले जाते. पण ते प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष आणि टेनेसीचे गव्हर्नर राहिलेले होते. त्यांच्यात छुपे काहीच नव्हते, केवळ कोणी त्यांना हिशेबात धरले नव्हते. या अर्थासाठी आपला रुस्तम अपुरा पडतो.