प्रति: इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयावरची 15 अश्वशक्तीची बोट उचल घेत नाही

वेग हवा म्हणून जास्त पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत पाण्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) पंखा लावा, हा तुम्हाला वर कोणीतरी दिलेला सल्ला पटला नाही. तुम्हीच लिहिलंय की चार माणसं बसली की पूर्ण थ्रॉटलला मोटार 4400 आरपीएमवरच (मिनिटाला फेऱ्या) अडकते. त्या मोटारीच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलसाठी 5000 ते 6000 असेल, तर आत्ताचाच पंखा तिला जड जातोय. आणखी पिच म्हणजे चढावर चौथा गिअर टाकणं. अशी दाबून चालवलेली मोटार तापते, पेट्रोलही जास्त पिते.

पिच एक इंचाने उतरवलं की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. म्हणजे तुम्हाला निदान तीन-चार इंच खाली यावं लागेल. पंख्याचा व्यास थोडा मोठा मिळाला तर उत्तमच. स्टेनलेस स्टीलच्या पंख्यामागे लागू नका, अ‍ॅल्युमिनियम पुरे.

आणि इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे हो! विरळ हवेत पाचेक टक्के ताकद तशीच जाते, मे महिन्यात आणखी थोडी. कोकणातल्या मित्राचा पंखा इथे जसाच्या तसा चालेल असं समजू नका. नवा पंखा भरल्या बोटीवरच तपासा. एकट्याने चालवताना मात्र कमाल आरपीएम ओलांडू देऊ नका.