पूर्ण वाढलेला नर गवा आणि नर वाघ समोरासमोर आले तर?

उनाडपाखरू

वाद जुनाच आहे, पण उत्तरं नेहमी दोन टोकांना जातात. एक गट म्हणतो ‘वाघ तो वाघच’, दुसरा म्हणतो ‘गव्यापुढे वाघ म्हणजे मांजर’. मला जरा नेमकं हवंय. दोघेही निरोगी धरा. नर वाघ २०० ते २२० किलोचा, नर गवा ८०० ते ९०० किलोचा.

वाघ असा गवा खरंच मारू शकतो का, आणि मारतो तर कसा? गवा वाघाला मारू शकतो का? आणि वाघ पंजाच्या एका फटक्यात मान मोडतो म्हणतात, त्यात तथ्य किती?

तेंदूपान

सफारीवाले ‘बायसन’ म्हणतात म्हणून आधी सांगतो, हा बायसन नव्हे. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला गवा गाईबैलांच्या कुळातला, बहुधा त्यातला सगळ्यांत थोराड. नर खांद्यापाशी पावणेदोन मीटरच्या आसपास भरतो, क्वचित त्याहूनही उंच. मादी बरीच हलकी असते. वाद घालणारे सगळ्यांत आधी हाच फरक विसरतात. वाघाने गवा मारल्याच्या बातम्यांत तो गवा मादी होता, अडीच-तीन वर्षांचा पाडा होता की वासरू होतं, हे सहसा नसतंच. कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघ, बिबट्या आणि रानकुत्र्यांच्या शिकारीचा जो अभ्यास १९९५ साली छापून आला, त्यात वाघाच्या भक्ष्याचं सरासरी वजन ९१.५ किलो निघालं. वाघ गव्यांच्या मागे असतो हे त्याच अभ्यासात दिसतं, पण सरासरी शंभराच्या आत राहते ती चितळं, डुकरं आणि वासरांमुळे.

तरीही पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. मोठा नर गवा वाघाने मारल्याच्या नोंदी आहेत. फक्त त्याला ‘लढाई’ म्हणू नका. वाघ लढायला जातच नाही. तो दबकत दहा-वीस मीटरपर्यंत पोचतो आणि तिथून झेप घेतो. एवढं जवळ जाता आलं नाही किंवा गव्याने मान वळवून पाहिलं, तर बहुतेक वेळा वाघ उठून सरळ चालू लागतो.

झेप साधली तर पुढचं असं. वाघ बाजूने किंवा मागून तिरका येतो. पुढचे पंजे खांद्यावर आणि मानेवर रोवतो, मागचे पाय शक्यतो जमिनीवर ठेवतो. नख्या पकड घेण्यासाठी असतात, फाडण्यासाठी नव्हे. मग तोंड खालून गळ्याला भिडवतो आणि स्वतःचं वजन टाकून जनावराला आडवं करतो. पडल्यावर तो पाठीच्या बाजूला राहतो, म्हणजे लाथा पोचत नाहीत, आणि गळा काही मिनिटं सोडत नाही. श्वासनळी दाबली जाऊन जनावर गुदमरून मरतं. चितळ, डुकराचं पिल्लू अशा लहान जनावरांना तो मानेच्या मागून चावतो, कारण तिथे सुळा मणक्यापर्यंत पोचतो. गव्याच्या बाबतीत तो मार्ग बंद. त्याच्या पाठीवरचा उंचवटा चरबीचा नसतो. मणक्यांची वर वाढलेली लांब हाडं आणि त्यांना लपेटलेले स्नायू मिळून तो बनतो. वाघाचा सुळा सहा-सात सेंटीमीटरचा. वरून कितीही चावला तरी मांसातच अडकून राहतो.

मान मोडण्याचं म्हणाल तर पंजाच्या फटक्याने गव्याची मान मोडत नाही. पळता पळता पाय अडखळून, मुंडकं मुरगळलेलं असताना, आठशे किलोचं धूड स्वतःच्या वजनाखाली कोसळलं तर मणका तुटू शकतो. श्रेय पंजाला मिळतं, इतकंच.

कड्यावरचा

वरचं सगळं मान्य. पण प्रश्न ‘समोरासमोर’चा आहे आणि त्यात गव्याचं पारडं जड आहे. त्याची कारणं फक्त वजनात नाहीत.

गवा एकदम अंगावर धावत नाही. आधी आडवा उभा राहतो, पूर्ण बाजू दाखवतो, पाठीचा कणा उंच दिसेल असा चालतो. समोरच्याला आपलं माप दाखवायचं असतं. दोन नर गव्यांचे बरेचसे तंटे एवढ्यावरच मिटतात. नाकातून जोरात फुसकारतो, तो आवाज जंगलात लांबवर ऐकू येतो. एवढं करूनही समोरचा हलला नाही तर मुंडकं खाली जातं. टक्कर द्यायची त्याची पद्धत मेंढ्यासारखी सरळ नाही. तो शिंग बाजूने, खालून वर हुकासारखं मारतो. शिंगं बुडाशी जाड आणि चपटी, टोकाशी काळी, आत वळलेली. मोठ्या नराची वळणासह सहज ६० ते ८० सेंटीमीटर भरतात. वाघाचं पोट आणि बरगड्यांची बाजू या हुकाच्या बरोबर उंचीवर येते. गव्याने वाघ मारल्याची प्रकरणं अशीच झालेली आहेत. बहुतेकदा वाघ जागेवर मरत नाही, आतड्याला किंवा बरगडीला इजा होऊन नंतर मरतो.

वाघ टाळतो त्याचं खरं कारण इथे आहे. गवा जखमी झाला तरी उद्या गवत खाऊ शकतो. वाघाचा एक सुळा तुटला, पुढचा पाय लचकला, की पुढच्या आठवड्याची शिकार गेली. ती गेली की तो अशक्त होतो, मग इलाका दुसरा नर घेतो. वाघाला वर्षाला चितळ-सांबराएवढी पन्नासेक जनावरं लागतात आणि त्याचे बहुतेक प्रयत्न फसतात. अशा हिशोबात नर गव्याशी उघड्यावर भिडणं म्हणजे दुकान गहाण ठेवून सोरट खेळण्यासारखं.

मोकळ्या रिंगणाचा पुरावा हवा असेल तर जावा बेटावर जा. तिथल्या राजदरबारांत वाघ आणि म्हैस यांची झुंज लावायची प्रथा काही शतकं होती. बहुतेक वेळा म्हैसच जिंकायची. अर्थात तो पुरावा डोळे झाकून घेऊ नका. जावाचा वाघ आपल्यापेक्षा लहान चणीचा, त्यात पिंजऱ्यात उपाशी-तापाशी ठेवलेला. पण मुख्य म्हणजे त्याला लपायला गवताचं पातं नव्हतं.

तेंदूपान

मोकळ्या मैदानावर मीही पैज गव्यावरच लावेन. पण खऱ्या जंगलात ‘मोकळं मैदान’ मिळतं कधी? एकाच ठिकाणचे तेच वाघ आणि तेच गवे, पण ऋतूप्रमाणे निकाल बदलतो.

उन्हाळ्यात ताडोबासारख्या सागाच्या जंगलात जमीन वाळक्या पानांनी भरलेली असते. पापड मोडल्यासारखा आवाज होतो. त्यामुळे वाघ कच्च्या रस्त्याने, नाल्याच्या वाळूतून जातो आणि पाणवठ्याजवळ बसतो, कारण तिथे जनावर स्वतःहून येतं आणि पाणी पिताना मुंडकं खाली असतं. पावसाळ्यात ओल्या पानांवर पावलं वाजत नाहीत, गवत उंच असतं. मग पाणवठ्याला महत्त्व उरत नाही.

दुसरं म्हणजे वारा. गव्याचं नाक फार तिखट. वाघाकडून गव्याकडे वारा वाहत असेल तर दबकणं फुकट जातं. कळपात वास लागला की एक फुसकारतो, सगळ्या मुंडक्या एका दिशेला वळतात, वासरं मागे सरकतात. कधी कधी मोठ्या माद्या चार पावलं पुढे येतात आणि वाघालाच हुसकतात. म्हणून कळपातलं वासरू मारणंही वाटतं तेवढं सोपं नाही. उलट कळप सोडून एकटा फिरणारा म्हातारा नर, ज्याचं एक शिंग तुटलंय किंवा डोळा गेलाय, तो अंगाने अवाढव्य असूनही जास्त धोक्यात असतो.

शेंदरी

दमसासाचा मुद्दा राहिला. वाघ शंभर-दीडशे मीटरच्या पुढे जोर धरत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गवाही लांब पल्ल्याचा नाही. एवढं मोठं काळं अंग उन्हात पळवलं की आतून तापतं. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा आठवा. माणसांच्या गर्दीने तासन्‌तास पळवून दमवलेला तो नर शेवटी दगावला. जंगलात तो पळत नाही, उभा राहतो. गव्याचं बळ उभं राहण्यात आहे.

उनाडपाखरू

छान माहिती. एक उपप्रश्न. मेलेल्या नर गव्यावर वाघ बसलेला, असे फोटो फिरतात. ते वाघाने मारलं असंच धरायचं का?

पंचनामा

मुळीच नाही. वाघ मेलेलं जनावरही खातो, अगदी वास सुटलेलं असलं तरी. दोन नर गव्यांच्या झुंजीत पोट फाटून मेलेला गवा दुसऱ्या दिवशी ‘वाघाचा’ होतो.

ओळखायचं कसं? गळ्याचं कातडं सोलून आतून पाहायचं. जिवंत असताना चावा बसला असेल तर सुळ्यांच्या भोकांभोवती कातडीखाली काळपट गोठलेलं रक्त आणि चेचलेलं मांस दिसतं. मेल्यावर चावलं असेल तर भोकं असतात, पण आत रक्त साचलेलं नसतं. नुसतं वरून पाहणारे इथेच फसतात. वरच्या दोन सुळ्यांच्या भोकांतलं अंतरही मोजायचं. पाच सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर वाघ, चारच्या आसपास असेल तर बिबट्या. फक्त ताणलेल्या कातडीवर मोजू नका, आकडा चुकतो.

शिंगाची जखम वेगळी दिसते. कुशीत किंवा पोटाला एकच गोल, खोल भोक, आणि आसपास जमीन तुडवलेली, लहान झाडं मोडलेली. वाघ खायला सहसा मागच्या पुठ्ठ्यांपासून सुरुवात करतो आणि कोठा (जठर) ओढून बाजूला टाकतो. सांबर तो झाडीत ओढत नेतो, पण पूर्ण वाढलेला नर गवा फार लांब ओढला जात नाही. तेव्हा ‘ओढल्याची खूण नाही म्हणजे वाघ नाही’ हा तर्क इथे चालत नाही.

तिसरी शक्यता रोगाची. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड असतील तर लाळ्या-खुरकूत. बुळकांडी या गुरांच्या रोगाने पूर्वी गव्यांचे कळपच्या कळप साफ केले, १९६८ मध्ये बांदीपूर भागात फार मोठी हानी झाली. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, तेवढी एक चिंता गेली. पण नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त येत असेल आणि पोट टम्म फुगलं असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय घ्यायचा आणि ते जनावर उघडायचं नाही. मघाशी सांगितलेलं कातडं सोलणंही नाही. हवा लागली की जंतू टिकाऊ बीजाणू धरतात आणि ती जागा वर्षानुवर्षं दूषित राहते. पशुवैद्यकाने कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, बाकी कुणी हात लावायचा नाही.

उनाडपाखरू

आणि वाघीण असेल तर? ती तर १०० ते १६० किलोचीच.

कड्यावरचा

वजनावर जाऊ नका. दीड वर्षाची दोन-तीन पिल्लं सोबत असतील तर तिला मांस जास्त लागतं, म्हणून ती एकट्या नरापेक्षा मोठा धोका पत्करू शकते. तरी तिचं लक्ष्य मादी किंवा पाडा, पूर्ण वाढलेला नर क्वचितच. पिल्लं अजून शिकाऊ असली तर तीच अडचण होते. आई दबा धरून बसलेली आणि एखादं पोर मध्येच उठून उभं राहिलं, की गवा फुसकारतो आणि सगळं मुसळ केरात.